मदतनिसाचे सामान : काय न्यावे, काय नेऊ नये



प्रोग्राम लिहायला मदत करणारा मदतनीस आता पुष्कळ घरांत आहे. घरी एक संगणक, ऑफिसात दुसरा, ताईच्या कॉलेजात तिसरा. मग त्याला तेच नियम पुन्हा पुन्हा सांगावे लागतात. ते सोबत कसे न्यावेत, हे आज पाहू. उदाहरण म्हणून ‘क्लॉड कोड’ घेऊ. त्याचे खाते अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांसाठीच असते, म्हणून हा पाठ मुख्यतः मोठ्यांचा. पण किल्लीचा भाग लहानांनीही वाचावा.

आधी एक शब्द. ‘सेटिंग’ म्हटले की मुंबईकडचे पालक हसतील, कारण तिकडे सेटिंग म्हणजे आतून जमवून आणलेले काम! इथे अर्थ साधा आहे : मदतनिसाला सांगून ठेवलेले नियम.

हे नियम ‘डॉट क्लॉड’ नावाच्या फोल्डरमध्ये असतात. नावाच्या आधी टिंब असल्यामुळे मॅक व लिनक्सवर तो सहसा दिसत नाही. त्यातल्या ‘क्लॉड डॉट एमडी’ या फाईलीत ‘टिपा मराठीत लिही’ अशा सूचना आपण लिहितो. ‘सेटिंग्ज डॉट जेसन’मध्ये कोणती आज्ञा न विचारता चालवावी, कोणती कधीच चालवू नये, हे असते. या दोन फाईली न्यायला हरकत नाही. मात्र दुसरीत कुणी किल्ली, म्हणजे सेवा वापरण्याचा गुप्त संकेत, लिहिलेली नाही ना, हे वाचून पाहावे.

अख्खा फोल्डर मात्र उचलू नये. मदतनिसाशी झालेली आपली संभाषणे तिथेच साठतात. लिनक्सवर तर प्रवेशाची गुप्त फाईलही तिथेच असते. मॅकवर ती ‘कीचेन’ या कुलूपबंद कप्प्यात जाते. प्रत्येक संगणकावर नव्याने प्रवेश करावा. दोन मिनिटे जातात, जाऊ द्यावीत.

फाईली नेण्यासाठी बरेच जण ‘गिट’ वापरतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली ते लिहिले. गिट जुन्या नोंदी जपून ठेवते, आणि धोका इथेच आहे. किल्लीची फाईल आज नोंदली आणि उद्या पुसली, तरी जुन्या नोंदीत ती जशीच्या तशी राहते. भांडार खासगी असले म्हणून निर्धास्त राहू नये. आज खासगी असलेले उद्या कुणीतरी मित्रासाठी उघडते. किल्ली परक्याच्या हाती गेली, तर वापर त्याचा आणि बिल आपले. अशा वेळी पुसत बसू नये. आधी सेवेच्या खात्यात जाऊन ती किल्ली रद्द करावी, मग नवी घ्यावी.

‘गिटइग्नोर’ फाईलीत लिहिलेल्या नावांकडे गिट दुर्लक्ष करते, पण आधीच नोंदलेल्या फाईलीवर तिचा परिणाम होत नाही. म्हणून ती पहिल्या नोंदीपूर्वीच लिहावी. वगळायच्या नावांची यादी करण्यापेक्षा आम्हाला उलटी रीत बरी वाटते : सगळेच वगळावे आणि हव्या त्या फाईलींनाच नावानिशी आत घ्यावे. नवी फाईल आली, तरी ती आपोआप बाहेरच राहते.

परवानग्यांचे थोडे वेगळे आहे. घरच्या लॅपटॉपवर दिलेली मोकळीक ऑफिसच्या संगणकावर तशीच नेऊ नये.

करून पाहा
१. पालकांनो, आपल्या ‘सेटिंग्ज डॉट जेसन’मध्ये काय काय आहे, ते मुलांना वाचून दाखवा.
२. मुलांनो, मदतनिसाला द्यायच्या तीन सूचना मराठीत लिहून पुढच्या वर्गाला आणा.
३. किल्ली, कुलूप, परवानगी : प्रत्येक शब्दाचे वाक्य करा.