भीती उतरेपर्यंत गाडीतून उतरू नका

ईसीजी नॉर्मल, थायरॉईड आणि हिमोग्लोबिनही ठीक, तरी भीती जाईना. देहूरोडहून शिवाजीनगरला जाताना लोकलमध्ये दापोडीच्या पुलावर एकदा छाती धडधडली, हातांना मुंग्या आल्या, आता आपण पडणार असं वाटलं. तेव्हापासून मी दाराशीच उभी राहू लागले. पर्समध्ये पाणी, ग्लुकोज. सोबतीला शेजारच्या काकू. पुढे लोकलच सुटली. घरचे मायेने म्हणत, "नको जाऊस." ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांनी हे आधी ऐकावं: टाळलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि टाळलं म्हणूनच वाचलो हे मनात पक्कं बसतं.

शेवटी ज्यांच्याकडे गेले त्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडमनी वहीत चार रकाने आखायला लावले: कुठे, मनात काय आलं, भीती शंभरात किती, प्रत्यक्षात काय झालं. 'दापोडी. चक्कर येऊन पडणार. ९०. पडले नाही.' अशा ओळी साठत गेल्या. मग एकदा त्यांनी समोर बसवून मिनिटभर जोरजोरात श्वास घ्यायला लावला. त्याच मुंग्या, तीच गरगर! घाईच्या श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, त्याने हे होतं. नुसतं ऐकून हे मला कधीच पटलं नसतं. (हृदयविकार, दमा, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर हा प्रयोग घरी मुळीच करू नका.)

त्यानंतर आधी नुसतं फलाटावर थांबायचं, मग आकुर्डीपर्यंत, मग चिंचवड. बाटली घरी, काकूही घरी. भीती उतरेपर्यंत गाडीतून उतरायचं नाही.

या उपचाराला सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी) म्हणतात. 'सकारात्मक विचार करा' या सल्ल्याशी त्याची गल्लत करू नका. इथे विचाराला पुरावा मागतात. अमेरिकेत १९५० आणि १९६० च्या दशकांत अल्बर्ट एलिस आणि ॲरन बेक यांनी ही वाट घातली. एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत मुंबईच्या कि. मो. फडके यांनी आपल्याकडे रुजवली. उदासी, मंत्रचळ, झोप न लागणं यांतही सीबीटीचा उपयोग होतो. पण गृहपाठ केला नाही तर नुसत्या बैठकांनी फारसं हाती लागत नाही. कुणाला सोबत गोळ्याही लागतात. त्या डॉक्टरांना न विचारता बंद करू नयेत.

मध्ये बरेच दिवस सुट्टी झाली आणि भीती परतली. वही पुन्हा काढली, आकुर्डीपासून पुन्हा सुरुवात केली.

जवळपास कुणी तज्ज्ञ माहीत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर आजच फोन लावा आणि घरातल्या एकाला तरी सांगा.