बॅकअप स्वस्तात ठेवताना

पारनेर तालुक्यातल्या सुपा एमआयडीसीमधल्या लहान कारखान्यांची कॉम्प्युटरची कामं मी बघतो. टॅलीचा डेटा, ड्रॉइंग, व्हीएमसी मशीनचे प्रोग्रॅम, तपासणीचे अहवाल यांचा बॅकअप क्लाउडवर न्यायचं ठरलं की मालकांचा पहिला प्रश्न एकच असतो: सगळ्यात स्वस्त काय पडेल? एका कारखान्यात ठेकेदाराने या प्रश्नाला शब्दशः उत्तर दिलं आणि सरसकट सगळं सर्वांत स्वस्त आर्काइव्ह टियरमध्ये, म्हणजे क्वचित लागणाऱ्या डेटासाठीच्या साठवण-वर्गात, टाकून दिलं. काही महिन्यांनी मालकांनी बिलं माझ्यापुढे ठेवली, तेव्हा खर्च उतरायच्या ऐवजी चढला होता. त्यातच कस्टमरच्या ऑडिटरने जुन्या लॉटचा अहवाल मागितला. तो त्याच दिवशी हवा होता, हाती आला दुसऱ्या दिवशी. यात फसवणूक कोणीच केली नव्हती. सगळं दरपत्रकात छापलेलं होतं, फक्त कोणी वाचलं नव्हतं.

उदाहरणासाठी ॲमेझॉनच्या एस-थ्री सेवेचे अमेरिकेतल्या केंद्राचे दर घेऊ. मुंबईचे दर वेगळे आहेत, पण हिशोबाची रीत तीच. 1000 जीबी डेटा साध्या टियरमध्ये महिन्याला 23 डॉलरला पडतो, सर्वांत स्वस्त अशा डीप आर्काइव्ह टियरमध्ये जेमतेम 1 डॉलरला. मात्र त्या एका डॉलरमागे तीन अटी आहेत.

पहिली मुदतीची. डीप आर्काइव्हमध्ये ठेवलेली फाइल दुसऱ्या दिवशी पुसली तरी भाडं 180 दिवसांचं लागतं. या कारखान्यात रोज रात्री पूर्ण बॅकअप व्हायचा आणि आठवड्याने पुसला जायचा. म्हणजे सात दिवसांच्या वापराला 180 दिवसांचं भाडं, जवळपास 26 पट. एका डॉलरची जागा 25 डॉलरच्या वर गेली, साध्या टियरपेक्षाही महाग. आपल्या पारनेरचा शेतकरी चाळीत टिकाऊ उन्हाळी कांदा भरतो, आठवड्याच्या बाजारात विकायचा माल नाही. तसाच रोज बदलणारा बॅकअप साध्या टियरमध्येच ठेवावा. महिनाअखेरची आणि वर्षअखेरची प्रत तेवढी आर्काइव्हला न्यावी.

दुसरी अट फाइलींच्या संख्येची. तिथे प्रत्येक फाइलसोबत 40 केबीची नोंद ठेवली जाते आणि त्यातल्या 8 केबीला साध्या टियरचा दर लागतो. तपासणीचा अहवाल 100 केबीचा असेल, तर त्याच्या भाड्यापेक्षा नोंदीचंच भाडं जास्त होतं. शिवाय फाइली तिकडे हलवायला दर हजारी 5 सेंट. असे दहा लाख अहवाल म्हणजे अवघे 100 जीबी. साध्या टियरमध्ये त्यांना महिन्याला सव्वादोन डॉलरच्या आसपास लागतात, पण हलवण्याचा खर्चच 50 डॉलर. म्हणून आधी महिनावार एकेक झिप करायची, आत काय आहे त्याची यादी वेगळी ठेवायची आणि मगच पाठवायचं.

तिसरी अट परत आणण्याची. डीप आर्काइव्हमधली फाइल उघडायला 12 तासांपर्यंत लागतात, स्वस्तातली पद्धत निवडली तर 48 तासांपर्यंत. बाहेर उतरवून घ्यायला महिन्याचे पहिले 100 जीबी सोडून जीबीमागे 9 सेंट. 1000 जीबी एकदा परत आणायला सहा वर्षांच्या भाड्याहून जास्त पैसे लागतात. ऑडिटर जे कधीही मागू शकतो, ते ॲमेझॉनच्याच ग्लेशियर इन्स्टंट रिट्रीव्हल टियरमध्ये ठेवावं. तिथे 1000 जीबीला महिन्याला 4 डॉलर आणि किमान 90 दिवस, पण फाइल लगेच उघडते. दुसऱ्या कंपन्यांच्या अटी वेगळ्या आहेत. गुगलचा आर्काइव्ह लगेच उघडतो, पण किमान मुदत 365 दिवसांची. मायक्रोसॉफ्टच्या अझुरला मुदत 180 दिवसांची आणि उघडायला 15 तासांपर्यंत.

किती वर्षं ठेवायचं हे बऱ्याच अंशी कायद्याने ठरलेलं आहे. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 128 प्रमाणे हिशोबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं जपावी लागतात. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने. कंपनी कायद्याखालच्या नियमांत 2022 ला झालेल्या दुरुस्तीनंतर कंपन्यांना हिशोबाचा बॅकअप रोज, भारतातच असलेल्या सर्व्हरवर घ्यावा लागतो. त्यामुळे परदेशातला दर कमी दिसला तरी टॅलीचा डेटा केवळ तिकडे ठेवून भागत नाही. ॲमेझॉनची केंद्रं मुंबई आणि हैदराबादला आहेत, अझुरचं तर आपल्या शेजारी पुण्यालाच.

आता कोणी टियर विचारला की मी दर सांगत नाही, आधी विचारतो: हा डेटा कधी पुसणार, मागितल्यावर किती वेळात लागेल आणि फाइली किती? त्यासोबत दोन गोष्टींचा आग्रह धरतो. क्लाउडचं खातं ठेकेदाराच्या ईमेलवर नको, कारखान्याच्याच हवं, नाहीतर तो काम सोडून गेला की बॅकअप असूनही हात लावता येत नाही. आणि एक प्रत कारखान्यातल्या हार्ड डिस्कवर असावीच. ती रोज जोडून ठेवू नका, कारण व्हायरस शिरला तर जोडलेली डिस्कही वाचत नाही.

नवा टियर घेण्याआधी दरपत्रकात साठवण्याच्या दराखालच्या ओळी वाचा आणि वर्षातून एकदा जुना बॅकअप प्रत्यक्ष उतरवून, उघडून बघा. त्या एका चाचणीचं बिल भरणं ऐन ऑडिटच्या दिवशी अडकून पडण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे.