टोकेलाऊ बेटांना स्वशासन मिळावे का?

गुरुजींनी नकाशात प्रशांत महासागरातली तीन बेटे दाखवली. ठिपक्यांएवढीच! ती टोकेलाऊ. वस्ती सुमारे दीड हजार. विमानतळ नाही. सामोआहून बोटीने एक दिवसाहून जास्त लागतो. राज्य न्यूझीलंडचे.

न्यूझीलंडशी नाते राखून स्वशासन मिळवायला दोन-तृतीयांश मते हवी होती. २००६ साली ती मिळाली नाहीत. २००७ साली पुन्हा मतदान झाले. ४४६ जण 'हो' म्हणाले, २४६ जण 'नको'. फक्त १६ मते कमी पडली!

मला आधी वाटले, स्वशासन कुणाला नको असेल? मग कळले, तिथला बराचसा खर्च न्यूझीलंड देते. 'नको' म्हणणाऱ्यांना तीच काळजी असेल. मी असतो तर 'हो' म्हटले असते. पण बेट त्यांचे, म्हणून निर्णयही त्यांचाच. पालकहो, तुम्हाला काय वाटते?