सुटलेला बाण आणि त्यानंतरची पावलं



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, एकादश स्कंध, अध्याय 30. नाथांच्या एकनाथी भागवतातही हा तिसावाच अध्याय.

खरं सांगते, हा अध्याय मी दरवर्षी भरभर उरकते. यादवांचा आपसातला संहार आणि शेवटी भगवंतांची निजधामाला जाण्याची तयारी. वाचवत नाही. यंदा मात्र एका पात्रापाशी थांबले. जरा व्याध.

प्रसंग

प्रभासक्षेत्री सगळं संपलंय. बलरामही गेले. श्रीकृष्ण एका पिंपळाखाली शांत बसलेत, डावा पाय उजव्या मांडीवर ठेवून. कमळासारखा लालसर तळवा. लांबून जरा नावाच्या शिकाऱ्याला तो तळवा हरणाच्या तोंडासारखा दिसतो. तो बाण सोडतो. बाणाचं टोक कसलं? ज्या मुसळामुळे यादवकुळाचा नाश झाला, त्याच्याच उरलेल्या लोखंडाच्या तुकड्याचं.

सावज पडलं म्हणून जरा जवळ येतो आणि बघतो तर समोर चतुर्भुज भगवंत! घाबरून तो त्यांच्या पायांवर डोकं ठेवतो. हे माझ्याकडून नकळत झालं, मी पापी आहे, मला क्षमा करा, म्हणतो. एवढ्यावर न थांबता, मला आत्ताच मारून टाका म्हणजे पुन्हा असा अपराध व्हायला नको, असंही म्हणतो. भगवंत त्याला सांगतात, भिऊ नकोस, ऊठ, हे माझ्याच इच्छेने झालंय. आणि त्याला स्वर्गाला पाठवतात.

सोमनाथजवळ वेरावळला भालका तीर्थ आहे. हा प्रसंग तिथंच घडला अशी श्रद्धा आहे.

एका आजच्या शिकाऱ्याची गोष्ट

माझा एक टीममेट अमेरिकेत विस्कॉन्सिनला असतो. हरणांची शिकार करतो, तीही धनुष्यबाणाने. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही शिकार बंद आहे, तिकडे ठरावीक मोसमात परवाना काढून होते. मी माळकरी घरातली. त्याने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा कॉलवरच माझा चेहरा पडला होता.

पण गेल्या वर्षी त्याने एक चुकलेला बाण सांगितला, तो डोक्यातून जात नाही. पहाटे तो मचाणावर होता. त्याने बाण सोडला आणि त्याच क्षणी हरणाने एक पाऊल पुढे टाकलं. छातीचा नेम पोटात लागला. बंदुकीच्या गोळीसारखा बाणाचा धक्का नसतो. बाणाने जनावर मरतं ते रक्तस्रावाने, आणि तो नेम पोटात लागला तर मरण लांबतं. अशा वेळी लगेच मागे धावायचं नसतं. धावलं तर घाबरलेलं हरीण जीव खाऊन पळतं, लांब जातं, सापडत नाही, आणि त्याचे हाल वाढतात. म्हणून बाण कुठे लागला, हरीण कुठल्या बाजूला गेलं, शेवटचं कुठे दिसलं, हे लक्षात ठेवून सहा-आठ तास तरी थांबायचं आणि मग रक्ताच्या थेंबांवरून माग काढायचा.

तो थांबला. मग पालापाचोळ्यात वाकून एकेक थेंब शोधला, प्रत्येक थेंबापाशी झुडपाला रंगीत पट्टी बांधली. एका ओढ्यापाशी माग तुटला. दुसरा दिवसही शोधण्यात गेला. हरीण सापडलं नाही.

मी विचारलं, मग दुसरं मारलंस? तो म्हणाला, "नाही. माझा परवाना एका हरणाचा होता. ते मी वापरलंच की." त्या मोसमात त्याने पुन्हा धनुष्य उचललं नाही. कोणी बघणारं नव्हतं, विचारणारं नव्हतं. हिशेब त्याने स्वतःच मांडला.

चिंतन

आपल्या ग्रंथांत आणखी एक शिकारी आहे, पांडू राजा. महाभारताच्या आदिपर्वात हरणाच्या रूपात रममाण असलेल्या किंदम ऋषींवर तो बाण सोडतो. ऋषी त्याला दोष देतात, तर पांडू आधी वाद घालतो. राजे शिकार करतातच, अगस्त्यांनीही केली होती! ऋषींचं म्हणणं वेगळंच असतं. तू हरीण मारलंस याबद्दल माझी तक्रार नाही, ती वेळ कुठली होती ते तू पाहिलं नाहीस. पश्चात्ताप पांडूलाही होतो, पण शापानंतर.

आणि दशरथ. शब्दवेधी बाण एका मुलाला लागतो. रामायणात दशरथ त्या मुलाच्या आंधळ्या आईबापांकडे स्वतः जातो, स्वतःच्या तोंडाने सगळं सांगतो. बाप शाप देतो, पण हेही म्हणतो की तू स्वतः येऊन सांगितलं नसतंस तर तुझ्या मस्तकाची शकलं झाली असती.

आता जराकडे परत येऊ. "हे माझ्याच इच्छेने झालं" हे कोण म्हणालं? ज्याला बाण लागला तो! ज्याने मारला त्याने नाही. जरा असं म्हणाला नाही की देवाच्या मनात होतं म्हणून झालं. तो फक्त म्हणाला, मी केलं. आपण नेमकं उलटं करतो. आपल्या हातून कोणी दुखावलं की "जे होतं ते चांगल्यासाठीच" हे आपणच त्याला ऐकवतो. ते वाक्य आपलं नाही. ते समोरच्याने दिलं तर प्रसाद, आपणच घेतलं तर चोरी.

हे मी कुठल्या तोंडाने सांगते? दोन महिन्यांपूर्वी रिव्ह्यू मीटिंगमध्ये मी एका ज्युनिअर मुलीची चूक सगळ्यांसमोर काढली. तिचं प्रोबेशन वाढलं. नंतर जुने मेल चाळताना दिसलं की चुकीचे आकडे मीच तिला पाठवले होते. चार दिवस गप्प बसले. रोज हरिपाठ चालू होता, बरं का! मनात पांडूचीच वकिली चालली होती. तिनेही तपासायला हवं होतं, डेडलाइन होती, सगळेच असं बोलतात.

पाचव्या दिवशी हा अध्याय समोर आला. आधी तिच्याकडे गेले, मग मॅनेजरकडे. नंतर ज्यांच्यासमोर बोलले होते त्या सगळ्यांना मेल केला. प्रोबेशनचा निर्णय बदलला नाही. ती "ठीक आहे, ताई" म्हणाली आणि कामाला लागली. पूर्वीसारखी डबा खायला येत नाही. माझ्या ओढ्यापाशीही माग तुटलाय. पण तिच्या पुढच्या रिव्ह्यूला मी काय बोलायचं ते लिहून ठेवलंय.

आजचा अभ्यास

1. आपल्या हातून सुटलेला एक बाण आठवा. तो कुठे लागला, हे स्पष्ट शब्दांत वहीत लिहा. "पण" हा शब्द न वापरता.

2. थांबायचं असेल तर समोरच्यासाठी थांबा, स्वतःच्या सोयीसाठी नको. मी चार दिवस थांबले ते माझ्यासाठी.

3. जवळ जा. क्षमा मिळेल की नाही, हे आपल्या हातात नाही. जाणं आहे.

प्रार्थना एवढीच : देवा, माझा नेम चुकेल तेव्हा पाठ फिरवायची नाही, तेवढं बळ दे.

उद्या अध्याय 31. भेटू.

राम कृष्ण हरी 🙏