पुडीत काय आहे? औषधी द्रव्यांच्या वर्गवारीची गोष्ट

वस्तीत तपासणीला गेलो की आम्ही एक गोष्ट हमखास सांगतो : "मावशी, घरातला औषधांचा डबा दाखवा." डब्यात दवाखान्यातल्या बीपीच्या गोळ्या असतात, सुंठ, वेखंड, हळकुंड असतं आणि बऱ्याचदा कागदाची एक पुडी असते. "ही कशाची?" "सांधेदुखीची. झाडपाल्याची आहे, अपाय नाही."

मागच्या पावसाळ्यात एका मावशींकडे अशीच पुडी निघाली. गुडघे दुखायचे थांबले होते, पण चेहरा सुजला होता आणि साखर वाढली होती. पुडीत स्टेरॉइड मिसळलेलं असावं, असा संशय डॉक्टरांना आला. त्यांनी पुडी थांबवली आणि मोजून गोळ्या देऊन त्या हळूहळू कमी केल्या, कारण असं औषध एकदम तुटलं तर जिवावर बेततं.

हे द्रव्य कशाचं, कोणत्या भागाचं, काय काम करतं? हे प्रश्न विचारणं म्हणजेच वर्गवारी. तिचा इतिहास आपल्याला नवा नाही.

विनयपिटकाच्या महावग्गात भेसज्जक्खंधक नावाचा औषधांचा भाग आहे. आजारी भिक्खूंना कोणती औषधं चालतील, हे त्यात गटवार सांगितलं आहे. तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच औषधं. मग मुळं : हळद, आलं, वेखंड, अतिविष, कुटकी, वाळा, नागरमोथा. मग कडुनिंब, कुडा यांचे काढे. मग पानं, त्यात तुळसही आली. फळांत वावडिंग, पिंपळी, मिरी, हिरडा, बेहडा, आवळा. डिंकात हिंग. शेवटी मिठं. झाडाचा कोणता भाग औषध आहे, यावर केलेली ही वर्गवारी आहे.

याच महावग्गात जीवकाची कथा येते. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही जीवकाला स्थान दिलं आहे. जन्मताच टोपलीत घालून उकिरड्यावर टाकलेलं हे मूल पुढे मोठा वैद्य झालं. तक्षशिलेच्या गुरूंनी त्याला सांगितलं, भोवतालच्या एका योजनात औषध नसलेलं जे असेल ते आण. तो रिकाम्या हातानं परतला. काही लोक यातून अर्थ काढतात की झाडपाला कोणताही चालतो. आम्ही वेगळा अर्थ काढतो. जीवकाला सात वर्षांच्या शिक्षणानंतर प्रत्येक झाड ओळखता येत होतं, म्हणून तो असं म्हणू शकला.

पुढे वर्गवारीच्या आणखी रीती आल्या. चरकसंहितेत द्रव्यांचे प्राणिज, खनिज आणि वनस्पतिज असे तीन प्रकार आहेत. शिवाय कामावरून पाडलेले 50 गटही आहेत. गोव्यात 1563 साली गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानं इथल्या औषधांवर ग्रंथ छापला. त्यात द्रव्यं साधारण अक्षरांच्या क्रमानं आहेत. शोधायला ते सोपं, पण नात्यातली झाडं त्यात लांब पडतात.

1678 ते 1693 या काळात अॅमस्टरडॅमला 'होर्तुस मलाबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ निघाला. केरळातल्या सातशेहून अधिक वनस्पती त्यात आहेत. त्यासाठी माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे इळवा समाजाचे वैद्य होते. त्या समाजाला तेव्हा अस्पृश्यतेची वागणूक मिळत होती. तरी त्यांचं निवेदन ग्रंथात छापलेलं आहे. लिनियसनं 1753 साली झाडांना दोन शब्दांची शास्त्रीय नावं दिली, तेव्हा हा ग्रंथ त्याच्या कामी आला. ज्यांना शाळेची दारं बंद होती, त्यांचं ज्ञान जगाच्या शास्त्रात गेलं, हे आपल्या मुलांना सांगायला हवं.

शास्त्रीय नाव का लागतं? कुड्याचंच पाहा. पांढऱ्या कुड्याचं बी म्हणजे कडू इंद्रजव. काळ्या कुड्याचं बी म्हणजे गोड इंद्रजव. नाव सारखं, झाडं निराळी. जुलाबावर प्रसिद्ध आहे तो पांढरा कुडा. 'ब्राह्मी' नावानंही दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात.

एकोणिसाव्या शतकात अफूतून मॉर्फीन आणि 1820 साली सिंकोनाच्या सालीतून क्विनीन वेगळं काढलं गेलं. तेव्हापासून द्रव्यातल्या रसायनावरूनही वर्गवारी होऊ लागली. झाडाच्या औषधातलं रसायन हेही रसायनच. म्हणून 'झाडपाल्याचं आहे, अपाय नाही' हे वाक्य खरं नाही.

कायद्यालाही हे मान्य आहे. 1940 च्या औषध कायद्याच्या नियमांत आयुर्वेदिक औषधांतल्या विषारी द्रव्यांची वेगळी यादी आहे : अफू, बिब्बा, धोत्रा, गुंज, कण्हेर, बचनाग, पारा वगैरे. यातलं काही पोटात घ्यायच्या औषधात असेल तर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना वेष्टनावर छापावी लागते. झाड ओळखायचं शास्त्र आपल्या पुण्यातही आहे. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र 1955 पासून इथे काम करतं.

आता घरी करायचं ते :

1. डबा उघडा. वेष्टनावर औषधाचं नाव, घटक, बनवणाऱ्याचं नाव, परवाना क्रमांक, बॅच आणि तारीख पाहा. काहीच नसेल तर ते औषध नवीन सुरू करू नका.

2. अशी पुडी बरेच दिवस चालू असेल तर मनानं एकदम बंद करू नका. पुडीसकट लगेच डॉक्टरांकडे जा. लपवू नका; डॉक्टर रागावतील, पण उपाय सापडेल.

3. गरोदर बाई, लहान मूल, किडनी किंवा लिव्हरचा आजार असलेला माणूस यांना विचारल्याशिवाय कोणतीही जडीबुटी देऊ नका.

4. बीपी, साखर, टीबीच्या गोळ्या पुडीच्या भरवशावर सोडू नका.

विकणारा रागावला तरी चालेल, पण विचारा : यात काय आहे? झाडाचा कोणता भाग? किती घ्यायचं? ज्याला उत्तर देता येत नाही, त्याची पुडी घरात आणू नका. येत्या रविवारी वंदनेनंतर आपापल्या पुड्या विहारात घेऊन या. आम्ही वेष्टन कसं वाचायचं ते दाखवू, आणि ज्या पुडीला वेष्टनच नाही ती घेऊन तुमच्याबरोबर दवाखान्यात येऊ.

जयभीम.