नाशिक : घाटावर, गल्लीत आणि रंगमंचावर

काळाराम मंदिर, पांडवलेणी, त्र्यंबकेश्वर आपण दिवसा पाहालच. इथे सांगायचे आहे ते संध्याकाळनंतरच्या नाशिकविषयी, म्हणजे इथल्या नाटकाविषयी, गाण्याविषयी आणि सणांविषयी. या शहरातले उत्सव तालमीतली, चौकातली, वाचनालयातली माणसे स्वतः अंगमेहनतीने उभे करतात, आणि म्हणूनच ते पिढ्यान्‌पिढ्या टिकले आहेत.

पडदा वर जातो

भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली मुंबईत झळकला आणि त्यानंतर फाळक्यांनी आपला सगळा संसार नाशकात हलवला. पुढे कुसुमाग्रज आणि वसंत कानेटकर एकाच काळात या गावात राहून लिहीत होते. कानेटकरांचे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ १९६२ साली रंगभूमीवर आले, कुसुमाग्रजांचे ‘नटसम्राट’ १९७० साली. एवढ्या उंचीचे दोन नाटककार शेजारी लाभलेल्या गावाला नाटकाचे वेड लागणारच.

हे वेड पाहायचे तर राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत, १८४० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयाच्या परशुराम सायखेडकर नाट्यगृहात जावे. दिवसभर नोकरी सांभाळून रात्री तालमी केलेले हौशी कलावंत तिथे जीव ओतून काम करतात. व्यावसायिक नाटके शालिमारजवळच्या महाकवी कालिदास कलामंदिरात होतात. गंगापूर रस्त्यावरच्या कुसुमाग्रज स्मारकात कविता, व्याख्याने, छोटे प्रयोग चालू असतात. कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा जनस्थान पुरस्कार एक वर्षाआड दिला जातो. १९९१ साली पहिला मान विजय तेंडुलकरांना मिळाला.

घाटावरची बैठक

मे महिन्यात गोदाकाठी यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला भरते. शंभरी ओलांडलेल्या या ज्ञानसत्राला तिकीट नाही. उन्हाचा ताप उतरला की लोक येऊन बसतात आणि इतिहासापासून अर्थकारणापर्यंतचे विषय ऐकतात. गुढीपाडव्याच्या आसपास गोदाकाठच्या पटांगणावर महारांगोळी रेखली जाते, शेकडो ढोल एका ठेक्यात वाजतात. दिवाळीतल्या पाडव्याला पहाटेच्या अंधारात जुन्या नाशकातला पिंपळपार श्रोत्यांनी भरून जातो आणि तिथे शास्त्रीय गायन रंगते.

धुळवड ते एकादशी

सण पाहायला यायचे तर फाल्गुन-चैत्रात यावे. धुळवडीला इथे वीर निघतात. बाशिंग बांधलेल्या दाजिबा वीराची मिरवणूक जुन्या गावातून चालते. घरोघरचे लोक देव्हाऱ्यातले वीरांचे टाक गोदावरीवर स्नानाला नेतात. रंग मात्र खेळायचा तो रंगपंचमीला, आणि तोही रहाडीत. पेशवेकाळापासूनचे हे दगडी हौद वर्षभर रस्त्याखाली झाकलेले असतात. सणाआधी चौकातली मंडळी माती आणि लाकडी ओंडके दूर करून रहाड उघडतात, साफ करतात, फुलांचा रंग उकळून तयार करतात. शनी चौकाची रहाड गुलाबी, तिवंधा चौकाची पिवळी. पूजा झाली की ‘धप्पा’ मारायला, म्हणजे हौदात उडी घ्यायला, झुंबड उडते. सण संपला की रहाड पुन्हा बुजवली जाते आणि वरून वाहतूक सुरू होते.

रामनवमीनंतर कामदा एकादशीला रथोत्सव असतो. पुढे गरुडरथ, मागे रामरथ. दोर ओढण्याचा मान तालमींचा. अहिल्याराम व्यायामशाळा आणि रास्ते आखाडा यांचे तरुण त्यासाठी सज्ज असतात. उत्सवाचे मानकरी बुवा रथाकडे तोंड करून उलट पावली चालतात. गरुडरथ गोदावरी ओलांडून जुन्या नाशकात फिरतो. रामरथ मात्र नदी ओलांडत नाही. रात्री रामकुंडावर देवांना अवभृथ स्नान घडते, तेव्हा घाटावर पाय ठेवायला जागा नसते.

सर्वांचे गाव

फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते, तिला गोव्या-मुंबईहून भाविक येतात. जुन्या नाशकातल्या बडी दर्ग्यावर सर्व धर्मांची माणसे माथा टेकतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामाला आलेल्या उत्तर भारतीयांची छटपूजा आता गोदाकाठची झाली आहे. नवरात्रात कालिका देवीची यात्रा रात्रभर जागती असते. गंगापूर धरणाजवळच्या द्राक्षमळ्यांत २००८ साली सुला फेस्ट सुरू झाला आणि देशोदेशींचे संगीत नाशिकच्या मातीत वाजू लागले.

पण अस्सल रात्र अनुभवायची तर उन्हाळ्यात पेठ, सुरगाणा, त्र्यंबक भागातल्या आदिवासी पाड्यांवर बोहाडा पाहावा. संबळ आणि सनईच्या तालावर गणपती, नरसिंह, रावण अशी मुखवट्यांची सोंगे एकामागून एक नाचत येतात. शेवटी उजाडताना देवी आणि महिषासुराचे युद्ध होते. सोंग कोणी नाचवायचे हे त्या त्या घराण्यात ठरलेले असते.

पाहुण्यांसाठी

सकाळी झणझणीत मिसळ खावी, परतताना चिवडा आणि हंगाम असेल तर द्राक्षे न्यावीत. मनमोकळ्या गप्पांसाठी संध्याकाळी कॉलेज रोडला चक्कर मारावी. गोदाघाट पायी फिरावा, वाहन दूर ठेवूनच. २०१५ नंतरचा सिंहस्थ कुंभमेळा आता २०२७ मध्ये आहे; त्या वेळी यायचे तर मुक्कामाची सोय फार आधी करावी.

आपल्या मंडळासाठी नाशिकची एक रीत मात्र अवश्य न्यावी. इथे रथाचा दोर एका तालमीकडे, रहाड एका चौकाकडे, सोंग एका घराकडे असते. काम वाटून दिलेले असते आणि ते वडिलांकडून मुलाकडे जाते. मंडळाच्या गणेशोत्सवातली किंवा दिवाळी कार्यक्रमातली एकेक जबाबदारी अशीच एकेका घराला, मुलांसकट, कायमची द्या. पुढची पिढी कार्यक्रमाला येईल का, ही काळजी त्यानंतर करावी लागणार नाही.