कॉम्प्युटरवाला साक्षीदार आणि तुझी उलटतपासणी

अगं, परवा फोनवर तू म्हणालीस, ‘ताई, पंचांची, डॉक्टरांची भीती नाही गं, पण त्या कॉम्प्युटरवाल्याला मी काय विचारणार?’ दौंडसारख्या ठिकाणी नव्यानं वकिली सुरू केलेल्या मुलीच्या मनात ही धास्ती असणारच. त्यात फाइल खुनाची. आपल्याकडे दोषारोपपत्र तालुक्याला दाखल होतं, मग केस सेशन्सला कमिट होते, आणि तिथे तो साक्षीदार लॅपटॉप उघडून ‘इमेज’, ‘मेटाडेटा’ असं बोलू लागला की सगळं कोर्ट गप्प होतं. त्या गप्प होण्याचीच मला काळजी वाटते. समोरच्याला समजलं नाही म्हणून एखादं विधान खरं ठरावं, यासारखा अन्याय नाही.

तुला कॉम्प्युटर यायला हवा, असं कायदा म्हणत नाही. जुन्या पुरावा कायद्यात कलम ४५ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात ते ३९ झालं. दोन्हीकडे तज्ज्ञ देतो ते मत असतं, निकाल नव्हे. रमेशचंद्र अग्रवाल विरुद्ध रीजन्सी हॉस्पिटल या २००९ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की तज्ज्ञानं आपल्या निष्कर्षामागची शास्त्रीय कसोटी न्यायाधीशांपुढे मांडायची, म्हणजे न्यायाधीशांना स्वतःचं मत बनवता येईल. तो निवाडा खुनाचा नाही, वैद्यकीय हलगर्जीचा आहे, तरी तो काढून ठेव. तुझी सगळी उलटतपासणी त्यावर उभी राहील. तज्ज्ञाला एवढंच सांग, की इथपर्यंत तू कसा आलास ते पायरीपायरीनं दाखव, आणि दुसऱ्या कुणी याच पायऱ्या चढल्या तर तोही इथेच पोचेल का ते सांग. ज्याला हे दाखवता येतं त्याच्यावर विश्वास ठेवायला मला जड जात नाही, मग तो सरकारी बाजूचा का असेना.

पदव्यांना भुलू नकोस आणि पदव्यांवर तुटूनही पडू नकोस. अमेरिकेत फ्लोरिडात २०११ साली केसी अँथनी नावाच्या तरुण आईवर पोटच्या मुलीच्या खुनाचा खटला चालला. घरच्या कॉम्प्युटरवर क्लोरोफॉर्मबद्दलचं एक पान ८४ वेळा उघडलं गेलं, अशी साक्ष जॉन ब्रॅडली यांनी दिली. ते साधे गृहस्थ नव्हते. ज्या प्रोग्रॅमनं तो आकडा काढला, तो त्यांनीच बनवलेला होता. पण दुसऱ्या प्रोग्रॅमनं तोच इतिहास वाचला तेव्हा ते पान एकदाच उघडलेलं निघालं, ८४ हा आकडा भलत्याच साइटचा होता. चूक लक्षात आल्यावर ब्रॅडलींनी स्वतः ती सरकारी पक्षाला कळवली. मला त्या माणसाबद्दल आदर वाटतो. आपलं विधान मागे घेणारा तज्ज्ञ सहसा दिसत नाही. पण तोवर ८४ हा आकडा ज्युरीच्या कानांवर पडून गेला होता. म्हणून पहिला प्रश्न लिहून ठेव: हा निष्कर्ष दुसऱ्या साधनानं पडताळलात का? आणि पडताळला असेल, तर त्याची नोंद कुठे आहे?

त्याच कॉम्प्युटरची दुसरी गोष्ट त्याहून बोलकी आहे. मुलगी शेवटची दिसली त्या दिवसाचा तपासणाऱ्यांनी एकाच ब्राउझरचा इतिहास काढला होता. त्या घरात फायरफॉक्सही वापरात होता, आणि त्याच दिवशी, १६ जून २००८ ला, गुदमरवून मारण्याच्या खात्रीशीर उपायाबद्दलचा शोध त्यात नोंदलेला होता. हे बाहेर आलं २०१२ मध्ये, निर्दोष सुटकेच्या निकालानंतर. म्हणजे जे नव्हतं ते ज्युरीपुढे मांडलं गेलं, आणि जे होतं ते तपासणाऱ्यांनी पाहिलंच नाही. तू आरोपीच्या बाजूनं उभी आहेस, पण मागच्या बाकावर मेलेल्या माणसाची आई बसलेली असते हे विसरू नकोस. घाईनं केलेला अहवाल तिचाही घात करतो. तेव्हा अहवालात काय आहे ते विचारशीलच, पण काय पाहिलं नाही, ते आधी विचार.

आपला तज्ज्ञ आणायचा विचार करत असशील तर नॉर्थ कॅरोलायनातल्या ब्रॅड कूपर खटल्याची आठवण ठेव. बायकोच्या खुनाचा आरोप होता. तिचा मृतदेह जिथे सापडला ती जागा, ती बेपत्ता होण्याच्या आदल्या दिवशीच, त्याच्या लॅपटॉपवर गूगल मॅप्समध्ये पाहिली गेली होती, हा सरकारचा मोठा पुरावा. त्या फायलींच्या वेळा संशयास्पद आहेत, मागाहून ढवळाढवळ झाली असावी, असं बचाव पक्षाला म्हणायचं होतं. त्यासाठी आणलेला माणूस नेटवर्क सुरक्षेतला जाणकार होता. न्यायाधीशांनी सांगितलं, हा न्यायसहायक तपासणीचा तज्ज्ञ नाही, या मुद्द्यावर बोलू शकत नाही. ऐनवेळी आणलेला दुसरा तज्ज्ञही घेतला नाही. २०११ मध्ये शिक्षा झाली. २०१३ मध्ये अपील कोर्टानं हे चुकीचं ठरवून खटला नव्यानं चालवायला सांगितलं, आणि पुढच्या वर्षी कूपरनं कमी गंभीर खुनाचा गुन्हा कबूल केला. बघ, शंका घेण्याचा हक्क खरा होता, म्हणून माणूस निर्दोष होता असं नाही. पण माझं म्हणणं वेगळं आहे. मोबाइल दुरुस्त करणारा, सॉफ्टवेअर लिहिणारा, नेटवर्क सांभाळणारा आणि पुरावा तपासणारा हे चार वेगळे लोक आहेत. आपल्याकडे चौघांनाही ‘कॉम्प्युटर एक्सपर्ट’च म्हणतात. कुणाला कशाबद्दल बोलायला उभं केलंय, ते पहिल्या पाच मिनिटांत रेकॉर्डवर आण.

आता आपल्या मातीतलं सांगते. इकडच्या बहुतेक फायलींत सीडीआर, म्हणजे कॉलच्या नोंदींचा कागद, असतो आणि ‘आरोपीचं लोकेशन घटनास्थळी’ असं एक वाक्य असतं. त्या वाक्यावर थांब. फोन कुठल्या टॉवरला आणि टॉवरच्या कुठल्या बाजूला लागला होता, ठिकाणाबद्दल एवढंच सीडीआर सांगतो. गावाकडे टॉवर लांब लांब असतात, एकेकाची हद्द मैलांत जाते. शिरूर घोडनदीच्या काठावर, पलीकडे अहिल्यानगर जिल्हा लागतो. शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या मध्ये भीमा वाहते. नदी काही रेडिओ लहरींना अडवत नाही, तेव्हा अलीकडचा फोन पलीकडच्या टॉवरला सहज लागू शकतो. दौंड तर जंक्शन. रात्री गाडीत झोपलेल्या माणसाचा फोनही वाटेतल्या टॉवरची नोंद सोडत जातो. फोन होता म्हणजे माणूस होता, हेही गृहीतच की. टॉवरवरून कुणाला एखाद्या उसाच्या फडात उभं करणारा तज्ज्ञ भेटला, तर त्याला शांतपणे विचार: त्या टॉवरची हद्द तुम्ही जागेवर जाऊन मोजलीत, की नकाशावर गोल काढला?

आणि वेळेचा घोळ. कित्येक सॉफ्टवेअर अहवालात वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत छापतात, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. अहवालातले १८:४० म्हणजे इथले रात्रीचे बारा वाजून दहा मिनिटं, तेही दुसऱ्या तारखेचे. ज्या केसमध्ये ‘साडेअकराला मी घरी जेवत होतो’ एवढाच बचाव आहे, तिथे हा फरक माणसाचं आयुष्य ठरवतो. अहवालाच्या पहिल्याच पानावर कुठली प्रमाणवेळ धरली आहे ते सापडलं पाहिजे. नसेल तर विचार, आणि फोनचं स्वतःचं घड्याळ बरोबर होतं का, हेही.

तज्ज्ञाच्या हाती वस्तू पडण्याआधी काय झालं, याकडे मी सगळ्यात जास्त वेळ देते. फोन जप्त कधी झाला, पंचनाम्यात आयएमईआय आहे का, सीलवर सह्या कुणाच्या, मुद्देमाल कारकुनाच्या रजिस्टरला नोंद किती वाजताची, प्रयोगशाळेत पोचायला किती दिवस लागले, आणि मधल्या दिवसांत तो फोन कुणी चालू केला का. चालू केलेला फोन गप्प बसत नाही, आतल्या फायली बदलत राहतात. म्हणून हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलचा आकड्या-अक्षरांतला ठसा, हवी. फाइलमधली एक खूण जरी बदलली तरी हॅश पार वेगळी येते, त्यामुळे जप्तीच्या वेळची आणि तपासणीच्या वेळची हॅश जुळली की मधल्या काळाची बरीचशी भांडणं मिटतात. नव्या कायद्याच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात हॅशचा रकाना आहे, आणि त्याचा दुसरा भाग तज्ज्ञानं भरायचा आहे. प्रमाणपत्र का लागतं, हे आपल्या जालन्याच्या निवडणुकीतून गेलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या २०२० च्या निवाड्यात सविस्तर आहे. कागद मात्र कारकुनी नजरेनं तपासू नकोस. प्रमाणपत्र आहे म्हणून आतला मजकूर खरा ठरत नाही.

कोरेगाव भीमा शिरूर तालुक्यातच, म्हणून हेही बोलते. खुनाचा खटला नव्हे, पण तज्ज्ञाची पारख कशी करायची ते तिथे शिकायला मिळतं. १ जानेवारी २०१८ च्या हिंसाचारानंतर जो एल्गार परिषदेचा खटला उभा राहिला, त्यात आरोपी रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमधली पत्रं महत्त्वाची. बचाव पक्षानं कोर्टातून मिळालेली प्रत अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगच्या मार्क स्पेन्सर यांना दिली. २०२१ च्या त्यांच्या अहवालाचं म्हणणं असं, की जून २०१६ मध्ये एका ईमेलमधून नेटवायर नावाचा घुसखोर प्रोग्रॅम लॅपटॉपमध्ये शिरला आणि पत्रं बाहेरून एका लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवली गेली. तपास करणाऱ्या एनआयएचं म्हणणं, सरकारी तपासणीत असा कुठलाही प्रोग्रॅम आढळला नाही. आता तू कुणाचं ऐकशील? आपल्या राजकीय ओढीप्रमाणे उत्तर देऊ नकोस. स्पेन्सर यांच्या अहवालात एक मुद्दा असा आहे, की काही पत्रं वर्डच्या ज्या आवृत्तीत पीडीएफ केली गेली, ती आवृत्ती त्या लॅपटॉपवर नव्हतीच. हे विधान तपासता येतं. तीच प्रत घेऊन बसणारा कुणीही ते खरं की खोटं ते सांगू शकतो. तपासता येणाऱ्या विधानाला उत्तरही तपासून काढलेलंच हवं, ‘आम्हाला नाही दिसलं’ पुरत नाही. मात्र उलटतपासणीत टिकेपर्यंत स्पेन्सर यांचं म्हणणंही मतच राहतं.

पिंजऱ्यातल्या माणसाकडे नीट बघ. ‘हे माझ्या माहितीत येत नाही’, ‘फोन कुणाच्या हातात होता ते मी सांगू शकत नाही’ असं जो स्वतःहून म्हणतो, त्याच्याशी भांडू नकोस. त्याची हीच वाक्यं तुला युक्तिवादात लागतील. जो प्रत्येक प्रश्नाला ‘शंभर टक्के’ म्हणतो, त्याला बोलू दे, मध्ये तोडू नकोस. आवाज तर मुळीच चढवू नकोस. बाईवकील चिडली की कोर्टात काय कुजबुज होते ते तुला मी सांगायला नको. प्रयोगशाळेतल्या लोकांवर कामाचा डोंगर असतो, त्यांचा अपमान करून आपल्या अशिलाचं भलं होत नाही.

आणि दोन कामं या आठवड्यातच कर. सरकारी प्रयोगशाळेच्या तज्ज्ञाचा अहवाल कित्येकदा साक्षीशिवायच वाचला जातो, कायद्यात तशी सोय आहे. तो न्यायाधीशांपुढे तसाच जाऊ देऊ नकोस. तपासणाऱ्याला साक्षीला बोलवावं म्हणून अर्ज दे. दुसरा अर्ज क्लोन प्रतीसाठी. मेमरी कार्डातला मजकूर हा दस्तऐवज आहे आणि आरोपीला त्याची क्लोन प्रत मिळायला हवी, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये गोपालकृष्णन विरुद्ध केरळ सरकार या निवाड्यात म्हटलंय. पीडितेच्या अब्रूचा प्रश्न असेल तिथे प्रतीऐवजी पाहणीची परवानगी मिळते, तुझ्या फाइलमध्ये तसं काही नाही. अर्जात वस्तूचा मुद्देमाल नंबर आणि आयएमईआय लिही, नाहीतर पुढच्या तारखेला ‘कुठला फोन’ यावरच वेळ जाईल. मसुदा झाला की मला पाठव, रात्री कितीही उशीर झाला तरी वाचते.